कोल्हापूरला येताय? मग गाडी लावा आणि राहा

शुक्रवारी रात्री मुंबईहून नाहीतर पुण्याहून निघायचं, पहाटे अंबाबाईच्या रांगेत उभं राहायचं, नऊला मिसळ, दहाला जोतिबा, बाराला पन्हाळा, जेवून नरसोबाची वाडी, जमलं तर खिद्रापूर आणि रात्री रंकाळ्यावर भेळ. रविवारी कणेरी मठ उरकून आंबोलीमार्गे गोव्याला नाहीतर आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला. सुट्टी लागली की असे कार्यक्रम घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतात. टेम्पो ट्रॅव्हलर ठरते, बारा-पंधरा माणसं निघतात आणि सोमवारी दमून कामावर हजर होतात. काय काय पाहिलं असं विचारलं तर आठ-नऊ नावं सांगतात. त्यातल्या एका ठिकाणाबद्दल दहा मिनिटं बोला म्हटलं, तर मात्र रांगेच्या आणि पार्किंगच्याच गोष्टी निघतात.

मी कोल्हापूरचा. बिंदू चौकाच्या वाहनतळावर शनिवार-रविवारी उतरणारी ही कुटुंबं नेहमी पाहतो. आजी-आजोबांना धरून उतरवतात, पोरं झोपेतून उठवलेली असतात आणि कुणीतरी एकजण घड्याळ बघत ‘दीड तासात सगळे परत इथंच’ म्हणून ओरडत असतो. या लोकांना मला कळकळीनं सांगायचं आहे, की गाडी तुमची असो वा भाड्याची, ती एका जागी लावा. निदान तीन रात्री तिथंच राहा आणि तिथून जेवढं होईल तेवढंच बघा. बाकीचं पुढच्या खेपेला.

हे आत्ताच सांगायचं कारण, आता नुसत्या टेम्पो ट्रॅव्हलर येत नाहीत. झोपायचे बर्थ, छोटा ओटा, फ्रिज, संडास-न्हाणी असं सगळं पोटात असलेल्या कॅराव्हॅनही महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या उभ्या करायला पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या जागा तयार व्हाव्यात हाही त्यामागचा विचार. काही हौशी मंडळी तर जुनी व्हॅन घेऊन सुताराकडून आतून फळ्या-कपाटं ठोकून घेतात आणि निघतात. मला याचं कौतुकच आहे. पण गाडीतच घर आहे म्हटल्यावर माणसाला वाटतं, आता हॉटेलचं बुकिंग नाही, बॅगा भरणं नाही, मग रोज नवं गाव का नको? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्याला थांबायचं कारण काय?

कारण हे की ते बिऱ्हाड हलवायला कष्ट पडतात. कॅराव्हॅन हलवायची म्हणजे आधी भांडी धुऊन आवरायची, कपाटांच्या कड्या लावायच्या, गॅस बंद करायचा, विजेची वायर गुंडाळायची, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची आणि स्वच्छ पाण्याची भरून घ्यायची. पुढच्या गावी पोचलं की सपाट जागा शोधण्यापासून पुन्हा हेच सगळं उलट्या क्रमानं. गाडी जराशी कललेली असली तरी रात्री झोप लागत नाही, आणि विजेची जोडणी नसेल तर एसी सोडा, फ्रिजही रात्रभर चालेल याची खात्री नसते. रोज हलणाऱ्याचा सकाळचा नि संध्याकाळचा बराच वेळ असा आवराआवरीत जातो. आणि खरं बोलायचं तर ही आवराआवर घरातल्या बायकांच्याच वाट्याला येते. त्यांची सुट्टी झाली का, हे त्यांनाच विचारा.

अमेरिकेत अशा फिरत्या घरांना आरव्ही म्हणतात, आणि तिथं स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही उन्हाळ्यात ती भाड्यानं घेऊन यलोस्टोनसारख्या ठिकाणी जातात. त्या देशात रस्ते रुंद, गाड्या मोठ्या, मुक्कामाच्या जागाही सोयीच्या. तरीही तिथले मुरलेले प्रवासी तीनाचा नेम सांगतात. दिवसात तीनशे मैलांपेक्षा जास्त जायचं नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोचायचं आणि एका जागी तीन रात्री काढायच्या. तीनशे मैल म्हणजे जवळपास ४८० किलोमीटर. आपल्याकडं महामार्ग सोडला तर त्याच्या निम्मंही एका दिवसात नको. बाकीचे दोन नेम मात्र आहेत तसे उचलावेत.

आता पैशाचं बोलू, कारण ही सगळी पळापळ बऱ्याचदा पैसे वसूल करण्याच्या नादात होते. बाहेरगावच्या भाड्याला गाडीवाले दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. गाडी फिरो न फिरो, तेवढे पैसे द्यावे लागतात. पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४६०. चार दिवसांचे तीनशेप्रमाणे १२०० किलोमीटर होतात. मग उरलेल्या ७४० किलोमीटरचे पैसे फुकट कशाला घालवायचे म्हणून गोवा, गणपतीपुळे, महाबळेश्वर अशी नावं कार्यक्रमात शिरतात. इथंच डोकं शांत ठेवायला हवं. किलोमीटर वसूल झाले तरी टोल, रोजचं नवं हॉटेल, वाटेतलं महागडं खाणं आणि ड्रायव्हरचा भत्ता वाढतच जातो. त्यापेक्षा रेल्वेनं या. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर आणून सोडते. इथं आल्यावर ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ या हिशेबानं स्थानिक गाडी घ्या. जोतिबा-पन्हाळा त्यात आरामात बसतं. आणि गाडी घरूनच आणायची असेल तर ठरवतानाच विचारा, ‘मधले दोन दिवस गाडी उभी राहणार आहे, त्याचं काय लावणार?’ बरेच गाडीवाले उभ्या दिवसाचा दर कमी करतात. त्यांचंही डिझेल वाचतं.

ड्रायव्हरचा विचार तर फार कमी लोक करतात. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्येच झाला होता. त्यात दिवसाचं काम आठ तासांचं आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. आपल्या सहलीचा ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून येतो, तुम्ही दर्शनाला जाता तेव्हा सीटवर तास-दीड तास डोळे मिटतो आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. त्याच रात्री तो घाट उतरणार असतो. तुमची सगळी माणसं त्याच्या हातात आहेत, त्याला खाट आणि पुरेशी झोप मिळते का, हे बघायची जबाबदारी तुमची. मुक्काम एका जागी असला की हा प्रश्न आपोआप सुटतो.

रात्रीच्या रस्त्याबद्दल एक गोष्ट खास इथली. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गाळप चालतं. या काळात शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर, कुठल्याही तालुक्यात जा, रस्त्यावर उसानं शिगोशीग भरलेल्या डबल ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, पाठीमागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला. अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. इथं राहणारी माणसंसुद्धा या दिवसांत रात्रीची गाडी टाळतात, नाइलाज झाला तर हळू चालवतात. खिद्रापूरहून रात्री आठला निघून गोवा गाठायचा बेत ज्यांनी केला असेल त्यांनी तो कृपा करून बदलावा.

अंतराचंही गणित करून बघा. जोतिबा आणि पन्हाळा शहराच्या वायव्येला, प्रत्येकी वीसएक किलोमीटरवर. नरसोबाची वाडी पूर्वेला, चाळीस-पंचेचाळीसवर आणि खिद्रापूर त्याच्याही पुढं. हे सगळं एका दिवसात म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, तेही गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांनी. पाच-सहा तास नुसते गाडीत. खिद्रापूरच्या कोपेश्वराला मग वीस मिनिटं उरतात. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं ते मंदिर. त्याच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं ठेवलेलं आहे आणि त्याखाली खांबांचं कडं उभं आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र डोक्यावर आला की त्या झरोक्यातून चांदणं थेट खालच्या शिळेवर उतरतं, आणि त्यासाठी माणसं मध्यरात्रीपर्यंत थांबतात. पौर्णिमा नसली तरी सकाळी जाऊन दोन तास बसा. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती बघत एक प्रदक्षिणा नीट घालायची तरी तासभर जातो. हे वीस मिनिटांत उरकणं मला बरोबर वाटत नाही.

अंबाबाईचंच घ्या. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी वर सरकून छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. हा किरणोत्सव. कधी ढग आडवे येतात, कधी हवेतली धूळ नि बाष्प, कधी वाटेतल्या इमारती, आणि एखाद्या दिवशी किरणं मध्येच विरून जातात. म्हणून गावातली माणसं तिन्ही संध्याकाळी जातात. एका संध्याकाळी येऊन निघून जाणाऱ्याच्या वाट्याला कदाचित नुसते ढगच येतील.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती गुऱ्हाळाची. कोल्हापूरचा गूळ सगळ्यांना हवा असतो. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. परतताना हायवेच्या कडेच्या दुकानातून ढेप घेतात आणि समजतात, झालं. पण गूळ होताना बघायला अडीच-तीन तास लागतात, आणि ते तास कुणाच्याच कार्यक्रमात नसतात. पन्हाळ्याच्या वाटेवर करवीर तालुक्यातल्या गावांत हंगामात अजून गुऱ्हाळघरं चालतात. पूर्वीच्या मानानं ती झपाट्यानं कमी झाली, म्हणून तर जास्त सांगतोय. सकाळी लवकर जा. ऊस घाण्यातून निघतो, हिरवट-राखाडी रस मोठ्या काहिलीत येतो. खाली चुलवाणात एक माणूस वाळलेली चिपाडं सारखी सारत असतो, जाळ कमी-जास्त करायचं सगळं कसब त्याच्या हातात. रस तापला की त्यात भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस घालतात, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहतात. हळूहळू रंग पालटतो, फेस वर चढतो, वास पार रस्त्यापर्यंत जातो. काहिलीजवळ उभा गुळव्या फारसा बोलत नाही. तो एकसारखा बुडबुड्यांकडं बघत असतो. मध्येच थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत धरून वळून बघतो. गोळी नीट वळली की एकदम आरोळी, आणि चार-पाच माणसं मिळून ती जड काहील उचलून वाफ्यात उपडी करतात. त्या क्षणी पाच मिनिटं उशीर झाला तर सगळं आदण वाया. गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. पुढं घोटून घोटून तो पाक घट्ट होत जातो आणि रवे भरले जातात. पाहुण्याच्या हातावर तिथंच कोमट गूळ आणि मूठभर शेंगदाणे ठेवतात, मागितली तर काकवीही देतात.

शहरातल्या मुलांनी हे एकदा पुरतं बघावं. पहिला अर्धा तास ती कंटाळतील, मोबाइल मागतील. नंतर आपणहून चुलवाणाजवळ जाऊन बसतील आणि प्रश्न विचारू लागतील.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी कट्ट्यावर आणून बांधलेल्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. पहाटे लवकर उठणाऱ्यांनी एखाद्या तालमीत डोकावावं, आधी वस्तादांची परवानगी घेऊन आणि चप्पल बाहेर काढून. तालमीतली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असते. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं खासबाग मैदान दिवसा नुसतं बघितलं तर रिकामं वाटतं. ते कशासाठी बांधलं, हे या तालमीत कळतं. हे सगळं पहाटे किंवा तिन्हीसांजेला घडतं, आणि नेमक्या त्या वेळी धावत्या सहलीतला माणूस हायवेवर असतो.

मग राहायचं कुठं? तीन-चार दिवस असतील तर कोल्हापूर शहर किंवा पन्हाळा. पन्हाळ्यावर रात्र काढली तर सकाळचं धुकं आणि मोकळा गड दोन्ही मिळतं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून दुपारची गर्दी वाढतेच आहे. तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव, सज्जाकोठी पायी फिरायला एक पूर्ण सकाळ द्या. सहा-सात दिवस असतील तर दोन तळ करा, तीन रात्री कोल्हापुरात आणि तीन राधानगरी-दाजीपूरकडं. गव्यांचं अभयारण्य, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं भोगावतीवरचं धरण, आणि पावसाच्या आधी आलात तर झाडं लखलखून टाकणारे काजवे. काजव्यांसाठी रात्र तिथंच काढावी लागते.

कॅराव्हॅन घेऊन येणाऱ्यांनी ती अंबाबाईच्या आसपासच्या बोळांत घालायचा प्रयत्न करू नये. ती अडकते आणि तुमच्याबरोबर गावही अडकतं. शहराबाहेर एखाद्या शेतात, कृषी पर्यटन केंद्रात किंवा आवार मोठं असलेल्या हॉटेलात आधी फोन करून जागा ठरवा, आणि फिरायला रिक्षा, केएमटीची शहर बस, एसटी वापरा. हात जोडून एक विनंती. सांडपाण्याची टाकी रंकाळ्याच्या किंवा नदीच्या काठी सोडू नका. पंचगंगेच्या प्रदूषणाचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे, नदीला आधीच पुष्कळ सोसावं लागतंय.

काही वेळा हलावंच लागतं, तेही सांगतो. पावसाळ्यात येणार असाल तर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज बघा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. पाणी ३९ कडे सरकायला लागलं की मुक्काम हलवा, उद्यावर टाकू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि हजारो गाड्या दिवसच्या दिवस अडकून पडल्या. गगनबावड्याकडच्या घाटांत त्याच सुमाराला दरडी कोसळतात. अशा वेळी कॅराव्हॅनमध्ये आहोत, आपल्याला काय, असं म्हणून चालत नाही. गाडीतलं पाणी नि गॅस दोन-तीन दिवसांत संपतं.

आणि काही प्रवासांत चालणं हाच मुख्य भाग असतो. सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा फोडून १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं निघाले. बाजीप्रभूंनी खिंड लढवली. त्या वाटेनं दरवर्षी जुलैत पावनखिंडीपर्यंत पायी मोहिमा निघतात, दोन दिवस चालून, मध्ये एखाद्या वाडीवर मुक्काम करून. तिथं एका जागी राहा असं कोण सांगेल? गुडघे चांगले असतील तर ती वाट जरूर करा. पण तीही गाडीतून तासाभरात करायची गोष्ट नाही.

शेवटचं आमच्या कोल्हापूरकरांना आणि आसपासच्या शेतकऱ्यांना. तुमच्या रानात चार गाड्या सपाट उभ्या राहतील एवढी जागा, पाण्याचा नळ, चांगलं अर्थिंग असलेला प्लग आणि स्वच्छ संडास एवढं असेल तर पाहुणा तीन रात्री राहील. एका दिवसात सगळं दाखवायचे बोर्ड लावणाऱ्यांनी तीन दिवसांचा कार्यक्रमही लावून बघावा. येणाऱ्याला घाई करायला आपणच शिकवलं आहे, ते आपणच थांबवू शकतो.

आणि तुम्ही, जे पुढच्या सुट्टीचा बेत आखताय, त्यांनी कागदावरच्या नऊ नावांपैकी पाच आजच खोडावीत. किरणोत्सव हवा असेल तर ९ नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी पोचा. तेव्हा गुऱ्हाळंही पेटलेली असतात. तीन रात्रींची जागा आधी ठरवा, मग गाडी ठरवा, आणि आमच्याकडं राहायला या.